भरून पाठवलेला कप

मृग बहाराची संत्री, हिवाळा सरताना येतात ती, यंदा जरा लवकरच आली. गल्लीच्या तोंडाशी उभा राहणारा हातगाडीवाला मला ओळखतो. "घ्या बाई, मृगाची हायेत, गोड निघतीन," म्हणाला. मी नेहमीच्या सवयीनं दोन पिशव्या भरायला सांगितल्या, एक माझी आणि एक लकडगंजला ताईकडं न्यायची. तो दुसरी पिशवी भरायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं. तरी मी त्याला थांबवलं नाही. दोन्ही पिशव्या घेऊन घरी आले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून बसून राहिले. ताई भादव्यात गेली. संत्र्यांना हे कुणी सांगितलेलं नाही, ती आपली मोसम झाला की येतात, आणि मला त्यांचा रागच येतो.

आमच्या घरात संत्र्यांचा मोसम आणि शर्यतींचा मोसम एकच होता. आमच्याकडं शर्यत म्हटली की लोकांना शंकरपट आठवतो, बैलजोड्या आणि उडणारी माती. आमची शर्यत होड्यांची, शिडाच्या. सासरी आल्यावर मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या नणंदेनं तोंडाला पदर लावला. "नागपुरात समुद्र कुठून आनला वं वहिनी?" समुद्र नव्हताच. शहराच्या पश्चिमेला, तेव्हा जिथं गाव संपायचं, तिथं तलाव होता. त्याच्या काठावर साहेबांच्या काळातला एक लहानसा क्लब होता, पत्र्याच्या छपराचा. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत त्याच्याकडं मोजक्या होड्या उरल्या होत्या आणि त्याहून मोजके सभासद.

आम्ही सभासद नव्हतो. आम्ही गोळीबार चौकाजवळचे विणकर. आजोबांचा माग बाबांच्या तरुणपणीच बंद पडला आणि बाबा सरकारी कचेरीत कारकून झाले, पण त्यांचे हात सुतातच राहिले. कचेरीतले एक साहेब क्लबात जायचे. त्यांचं शीड फाटलं तेव्हा बाबांनी ते घरी आणून असं शिवलं की टाका शोधून सापडेना. मग क्लबाची सगळीच शिडं आमच्या घरी यायला लागली. घरात शीड उलगडायला जागा कुठली? जिथं पूर्वी मागासाठी सुताचा ताणा ताणायचे त्या गल्लीतच बाबा शीड पसरायचे. शेजारणी आपापली वाळवणं उचलून घ्यायच्या आणि कुरकुरायच्या, "तुमच्या बाबानं हत्तीची चड्डी शिवाले घेतली का वं?" या शिवणकामाच्या बदल्यात बाबांनी एकच मागितलं. आमच्या दोन्ही पोरींना होडीत बसू द्या. का मागितलं, ते आम्हाला कधीच नीट कळलं नाही. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "आपन शिवलेलं शीड वाऱ्यात कसं फुगते ते पाहाले घरचं कोनी पाहिजे ना."

ताईचं नाव कुमुद. ती माझ्याहून बरीच मोठी होती आणि सुकाणू तिच्या हातात असायचं. मी पुढं बसून लहान शीड सांभाळायची आणि सांगेल तसं या कुशीवरून त्या कुशीवर सरकायची. तलावावरचा वारा भारी लहरी. टेकडीकडून येतो येतो म्हणताना बांधाकडून येणार, मध्येच पडणार. ताईला तो आधी कळायचा. पाण्याचा रंग थोडा काळवंडला की ती म्हणायची, "सुमे, आला." आणि तो यायचा. वारा पडला की मात्र बाबांचा नियम होता. हलायचं नाही, बोलायचं नाही. होडी हलली की शिडात उरलीसुरली हवाही सांडते. मग आम्ही दोघी गप्प बसायचो. ताई इतकी स्थिर बसायची की तिच्या वेणीवर चतुर येऊन बसायचे. इतक्या हलक्या वाऱ्यात पाणी कापायचं असलं की होडीत एक सुपारीही जास्त नको, असं ती म्हणायची. दोर गुंडाळून काठावर, डबा काठावर, चपला काठावर. शर्यत संपली की ती काठावर बसून एक संत्रं सोलायची, अर्धं मला द्यायची आणि अर्धं स्वतः खायची. जिंकलो तरी, हरलो तरी.

क्लबात एकच कप होता ज्याला कप म्हणावं. चांदीचा, दोन कानांचा, पोटाला एका बाजूनं पोचा आलेला. बाकीचे नुसते ग्लासासारखे. हा फिरता कप. हिवाळ्यातली मोठी शर्यत जो जिंकेल त्याचं नाव त्यावर कोरायचं, कप वर्षभर त्याच्या घरी, मग परत क्लबात. वरच्या अंगाला जुनी नावं होती, सगळी साहेबांची, आणि त्यांच्या डोक्यावर कुठल्याशा खाडीचं नाव. त्याचा अर्थ आम्ही कुणी कधी विचारला नव्हता. खाली हळूहळू आपल्याकडची नावं सुरू व्हायची. कुणी रेल्वेतला, कुणी वकील, कुणी डॉक्टर. आणि सगळ्यांत खाली, एकाखाली एक, दोनदा आमची ताई. इतवारीतल्या सोनारानं ते कोरलं तेव्हा बाबा त्याच्या दुकानात पूर्ण वेळ उभे होते.

कप आमच्या घरी असायचा तेव्हा आई त्याला देवघराशेजारी ठेवायची. एकदा तिनं त्याला हळदीकुंकूही लावलं. बाबा हसले तर म्हणाली, "माया पोरीचं नाव हाये त्याच्यावर." आणि कप परत द्यायची वेळ आली की ती तो मृगाच्या संत्र्यांनी भरायची. शेजारणीचं पातेलं असो की क्लबाचा कप, दुसऱ्याचं भांडं तिनं कधी रिकामं परत केलं नाही. साखर, डाळ, काही नसेल तर चिमूटभर मीठ, पण तळ दिसता कामा नये. एक संत्रं नेहमी जास्तीचं निघायचं, वर ठेवलं की घरंगळायचं. ते ताई खिशात टाकायची. क्लबातले लोक पहिल्यांदा हसले, मग त्यांनाही सवय झाली. संत्री कुणाच्या वाट्याला किती, यावरून भांडायचेसुद्धा.

शर्यतीच्या दिवशी एक वयस्क बाई रिक्षानं यायच्या. त्यांचे यजमान डॉक्टर होते, कपावर त्यांचं नाव होतं, आणि ते जाऊन पुष्कळ दिवस झाले होते. आम्ही त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचो. त्या शर्यत बघायच्या नाहीत. कप हातात घ्यायच्या, चष्मा लावून नाव वाचायच्या, त्यावरून रुमाल फिरवायच्या, चहा घ्यायच्या आणि जायच्या. ताई त्यांच्याकडं बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "पाहिलं का वं? लोक फोटो पाहतात, ह्या नाव पाहतात."

मग एका हिवाळ्यात मयेकर आले. ते कोकणातले, बँकेच्या कामानं काही दिवसांसाठी नागपुरात आलेले, आणि स्वतः शिडाच्या होडीतले दर्दी. कुणीतरी त्यांना तलाव दाखवायला आणलं. कपाटातला कप बघून ते पुढं झाले, खाडीचं नाव वाचलं आणि अक्षरांवरून बोट फिरवत परत वाचलं. ती खाडी त्यांच्या गावची होती. तिच्या तोंडापासून निघून समुद्रातल्या एका खडकाला वळसा घालून परत यायचं, अशी किनाऱ्यावरची शर्यत तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तिचा सर्वांत जुना कप कुणी साहेब जिंकून घेऊन गेला आणि परत आलाच नाही, ही गोष्ट त्यांनी लहानपणापासून ऐकली होती. साहेबाची बदली नागपूरला झाली असणार. सोबत कपही आला, साहेब मायदेशी गेला आणि कप आमच्या तलावावर राहिला. समुद्राची शर्यत जिंकल्याबद्दलचा कप आम्ही इतकी वर्षं तळ्यात खेळत होतो.

कप परत द्यायचा, यावर आमच्या क्लबात दुमत नव्हतं. वस्तू दुसऱ्याची ती दुसऱ्याची. दुखलं ते पुढचं. मयेकरांच्या क्लबाचे अध्यक्ष कडक शिस्तीचे होते. त्यांचं म्हणणं आलं की कप नेलेल्या त्या साहेबाच्या नावाखालची सगळी नावं काढावी लागतील, कारण ती माणसं ही शर्यत जिंकलेलीच नाहीत. मयेकरांनी हे सांगताना मान खाली घातली होती. अध्यक्षांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. पण ताई उभी राहिली. एवढ्या पुरुषांत ती क्वचितच बोलायची. म्हणाली, "कप आम्ही सोता घेऊन येतो. तुमची शर्यत आम्हालेही खेळू द्या. जिंकलो तर नावं राहू द्यायची, सगळ्यायची. हरलो तर तुमचा सोनार अन् तुमची कानस." मयेकरांनी निरोप नेला. अध्यक्ष कबूल झाले. डॉक्टरीणबाई त्या वर्षी आल्या, नाव वाचलं, आणि निघताना ताईच्या हाताला नुसता हात लावला.

मी, ताई आणि बाबा निघालो. आगगाडी, मग एस.टी., मग दुसरी एस.टी. बाबांच्या मांडीवर शीड, ताईच्या मांडीवर आईनं संत्र्यांनी भरून धोतराच्या फडक्यात बांधलेला कप. घाट उतरताना तिनं त्याला तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांनी धरलं होतं. समुद्र दिसला तेव्हा बाबा वाळूत जाऊन उभे राहिले. खाली वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि टाकून दिलं. "एवढं पानी, अन् प्याच्या कामाचं नाही," म्हणाले. मग वेळ जाईल तसं त्यांना ते आवडायला लागलं असावं, कारण जेवायला बोलावलं तरी ते येईनात.

संध्याकाळी ताईनं कप अध्यक्षांच्या हाती दिला. फडकं सोडल्यावर वरची संत्री पाहून ते गोंधळले. "हे काय?" ताई म्हणाली, "आमच्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत." जास्तीचं एक तिनं खिशात टाकलं. संत्री तिथल्या मंडळींनी वाटून खाल्ली. मयेकर सालं हुंगत होते. मला ती माणसं आवडली. हरायला अवघड जावं इतकी चांगली होती.

खारे वारे आणि मतलई वारे. शाळेत भूगोलाला हा प्रश्न हमखास यायचा, आणि समुद्राचं तोंडही न पाहिलेल्या नागपूरच्या पोरी तो घडाघडा लिहायच्या. रात्री जमीन लवकर थंड होते, पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो, दुपारी उलटा. आम्हाला ते पाठ होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. होडी त्यांची होती, आमच्या होडीसारखीच, शीड मात्र बाबांचं. पहाटे वाळूवर होडीत शीड चढवताना ताईला तळाशी एक लहान लोखंडी नांगर दिसला, होडी एका जागी धरून ठेवायचा असतो तो, आणि त्याला दोराचं हे एवढं वेटोळं. मयेकरांनी तो काळजीनं ठेवला होता. ताईनं तो उचलून पाहिला. "केवढा जड आहे वं," म्हणाली, आणि उचलून वाळूवर ठेवला. तलावावर आम्ही हेच करायचो. चपला, डबा, दोर, नांगर. मी बाजूलाच होते आणि मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. आमच्यापैकी कुणालाच दिसलं नसतं. आमचं पाणी जिथल्या तिथं राहायचं.

जाताना मतलई वारा पाठीशी होता. सगळे बरोबर गेले. खडकाला वळसा घातला आणि परत येताना तोच वारा तोंडावर आला, तेव्हा ताईची कमाल दिसली. लहरी वाऱ्याशी जन्मभर झोंबलेली ती. वारा जरा कुठं कलला की तिची होडी वळलेली असायची. एकेक शीड मागं पडत गेलं. खाडीच्या तोंडाशी झेंडा दिसायला लागला, त्याच्याखाली पांढरी टोपी घातलेले बाबा दिसायला लागले, आणि आमच्या पुढं कुणीच नव्हतं. ताईच्या कपाळावर मीठ वाळलं होतं. ती माझ्याकडं बघून हसली. तिचं ते हसू मी नंतर तिच्या लग्नातही पाहिलं नाही.

आणि वारा पडला. मतलई संपला होता आणि खारा यायचा होता. पुस्तकात या दोघांच्या मधल्या वेळेबद्दल काही नव्हतं. ताईनं डोळ्यांनी खूण केली. हलायचं नाही. आम्ही बसलो. ऊन चढत होतं, शीड ओल्या धोतरासारखं लोंबत होतं. ताई सुकाणू धरून तलावावर बसायची तशी बसली होती, पापणीही न हलवता. मला बाबा दिसत होते. मला वाटलं डोळ्यांत पाणी आलंय, कारण बाबा मघापेक्षा लहान दिसत होते.

"ताई, बाबा लहान दिसून राहिले."

"हलू नको."

थोड्या वेळानं मागची एक होडी आमच्या शेजारी आली. मग दुसरी. त्यांची शिडंही लोंबलेलीच होती. ताईच्या कपाळाला आठी पडली. "हे काहून पुढं जाऊन राहिले वं? वारा काय त्यायलेच आहे?" तिसऱ्या होडीत मयेकर होते. ते उभे राहिले आणि तोंडाभोवती हात धरून ओरडले, "ताई, नांगर टाका. ओहोटी लागलीय. नांगर टाका."

तेव्हा मला त्या होड्यांच्या पुढून पाण्यात गेलेले दोर दिसले. त्या पुढं जात नव्हत्या. त्या उभ्या होत्या. खाडीतलं पाणी समुद्राकडं निघालं होतं आणि आम्ही त्याच्याबरोबर मागं चाललो होतो. ताई त्या पाण्याकडं बघत राहिली. ते आजूबाजूला कुठंच वाहताना दिसत नव्हतं, कारण आम्हीच त्याच्यासोबत होतो. मयेकर अजून ओरडत होते. ताई त्यांना म्हणाली, पण इतक्या हळू की फक्त मला ऐकू आलं, "नांगर वाळूवर आहे."

एकेक होडी आमच्या बाजूनं पुढं सरकत गेली असं दिसत होतं. माणसं आमच्याकडं बघत होती, कुणी हसलं नाही. झेंडा लहान झाला. बाबा टोपीएवढे झाले. मग दिसेनासे झाले. खारा वारा आला तेव्हा त्यांनी नांगर उचलले आणि ते झेंड्यापाशी पोचले. आम्ही सगळ्यांच्या मागून आलो.

नांगर जिथं ठेवला तिथंच होता. पाणी इतकं मागं हटलं होतं की तो आता पार वर, कोरड्या वाळूत पडल्यासारखा वाटत होता. ताई त्याच्याशेजारी बसली. बाबा आले आणि तेही बसले. त्यांना रागवायला येत नसे. "पानी असं चालते, हे आपल्याले कोन सांगनार होतं, बाई?" म्हणाले. "आपला तलाव काही असा कोनाले नेत नाही." ताईनं खिशातलं संत्रं काढून सोललं. अर्धं मला दिलं. स्वतःचं अर्धं तिनं खाल्लं नाही. हातात धरून बसली आणि उठताना बाबांना दिलं. बक्षीस समारंभात अध्यक्षांनी आमच्या शीड हाकण्याचं मनापासून कौतुक केलं, आणि मग ठरल्याप्रमाणे, नव्या विजेत्याचं नाव कोरण्याआधी तलावावरची नावं कपावरून काढली जातील, असं सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. मयेकर आम्हाला एस.टी.पर्यंत सोडायला आले.

परत आल्यावर ताई एकटीच डॉक्टरीणबाईंकडं गेली. मी येते म्हटलं तर नको म्हणाली. आल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या? ताई म्हणाली, "त्या म्हनल्या, बस, दमली असशील. अन् मले गुळाचा चहा करून देल्ला." पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाई तलावावर आल्या नाहीत. त्यानंतरही नाही. ताईनंही त्या दिवसानंतर सुकाणू धरलं नाही. बाबा म्हणाले, आई म्हणाली, क्लबातलेही आले. ती नुसती मान हलवायची. दोनेक वर्षांत तिचं लग्न झालं, लकडगंजला, लाकडाच्या वखारवाल्यांकडं. काही वर्षांनी तलावात जलपर्णी माजली, क्लबाचं छप्पर गंजलं, आणि तो बंद झाला हेही कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही.

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. खारे वारे, मतलई वारे मी पोरांना झोपेतून उठवलं तरी सांगतील असे शिकवले. भरती-ओहोटीचा धडा आला की मात्र फळ्याकडं तोंड करायची आणि चंद्राची आकृती उगाच मोठी काढत बसायची. पोरं म्हणायची, बाईंना आकृती फार आवडतात.

ताई त्याबद्दल कधी बोलली नाही. एकदाच फक्त. तिच्या नातवाला शाळेत धावण्याचा कप मिळाला. सगळे कौतुक करत होते. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला, खालच्या पट्टीवर अंगठा घासला आणि नातवाला विचारलं, "पक्कं कोरलं आहे ना रे?" बाकीच्यांना काही कळलं नाही. वखारीतून करवतीचा आवाज येत होता, ओल्या सागाचा वास येत होता, आणि मी चहाचे कप उचलायच्या निमित्तानं आत गेले.

शेवटच्या दिवसांत ती घरीच होती. खाटेवर पडून पंख्याकडं बघायची. वीज गेली आणि पंखा थांबला तेव्हा तिनं मला विचारलं, "सुमे, वारा नाही का वं?" मी म्हटलं, नाही. "हलू नको मग," म्हणाली. आम्ही कुणी हललो नाही. तिचा मुलगा, सून, मी, आम्ही सगळे खाटेभोवती आपापल्या जागी उभे होतो, आणि ती जात होती. त्या दिवशी तिच्या मनात काय होतं ते मला माहीत आहे असं मी म्हणणार नाही. पण मला खाडीचं तोंड दिसत होतं.

म्हणून यंदा ती दुसरी पिशवी मी लकडगंजला नेली नाही. घेऊन कोकणात गेले. या वयात एकटीनं कशाला जाता, असं घरचे म्हणाले. मला त्यांना पटेल असं कारण देता आलं नाही. मला फक्त तो कप एकदा बघायचा होता, खरवडलेला का असेना. जिथं तिचं नाव होतं ती जागा बघायची होती.

खाडी तशीच आहे. क्लबाची इमारत आता पक्की झाली आहे. दारात एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. मी नागपूरहून आले म्हटल्याबरोबर ते काठी टेकून उठले. मयेकर. नव्वदीकडं झुकलेले. काही न विचारता ते मला आत घेऊन गेले, कपाट उघडलं आणि दोन्ही हातांनी कप काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. पोटाचा पोचा तोच. खाडीचं नाव, साहेबांची नावं. त्याखाली रेल्वेतला, वकील. डॉक्टर. आणि त्याखाली, एकाखाली एक, दोनदा कुमुद पराते. मग थोडी जागा सोडून तिथल्या माणसांची नावं सुरू होत होती.

मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"सोनाराकडं न्यायला अध्यक्षांनी माझ्याकडंच दिला होता हो," मयेकर म्हणाले. "नेलासुद्धा. त्यानं कानस हातात घेतलीन आणि मला तुमच्या ताई आठवल्या, संत्र्यांचं फडकं सोडताना. म्हटलं, त्यांनी भरून पाठवलेलं भांडं आपण खरवडून रिकामं कसं करायचं? तसाच परत आणला. अध्यक्षांना म्हटलं, पुढल्या वर्षी बघू. पुढल्या वर्षी त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं त्यांनाही नकोच होतं."

ते कपावरून हात फिरवत होते. "दरसाल शर्यतीच्या आधी मी स्वतः घासतो. सगळी नावं. कळवायचं मात्र राहून गेलं. वाटायचं, त्या कधीतरी येतील, तेव्हा समोर ठेवू. कशा आहेत ताई?"

मी सांगितलं. ते खुर्चीत बसले. बाहेर पाणी चढत होतं की उतरत होतं, मला कळलं नाही. भूगोल शिकवूनही ते नुसतं बघून मला अजून कळत नाही. ताई आपलं नाव पुसलं गेलं असं समजून इतकी वर्षं जगली आणि तसंच समजून गेली. डॉक्टरीणबाईंना तिनं तसंच सांगितलं, आणि त्यांनी तिला चहा करून दिला. आणि इथं ती नावं दरसाल कुणीतरी घासून लख्ख करत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त तिचा हात धरून तिला इथवर ओढत आणावंसं वाटत होतं.

पिशवीतली संत्री मी एकेक करून कपात भरली. नेहमीप्रमाणे वरचं एक बसेना, घरंगळायला लागलं. ते मी सोललं आणि अर्धं मयेकरांना दिलं. त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटून घेतले. उरलेलं अर्धं कुणाला द्यायचं ते मला कळेना. ते मी तसंच हातात धरून बसून राहिले.